वरून ओतलेलं पाणी

तांब्या हातभर उंच धरला होता. मी ओट्याखाली उकिडवा, ओंजळ करून. पाणी मनगटांवरून सदऱ्याच्या बाह्यांत चाललेलं. नवा सदरा. याच दिवसासाठी शिवलेला.

घडीभर आधी मी त्याच ओट्यावर, सतरंजीवर बसल्तो. घर शहागडच्या एका मास्तरांचं. माझी कादंबरी त्यांनी गावाला वाचून दाखवली आणि लेखकानं एकदा यावं म्हणून छापखान्याच्या पत्त्यावर निरोप धाडला. मी तवा हैदराबादेत त्याच छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. तिसरीतच शाळा सुटलेली. मुलूख लांब. असं मानानं बोलावणं जन्मात आलं नव्हतं. मास्तरांचे उपकार कसे फेडू, काही चुकीचं तर बोलणार न्हाई ना, हेच घोकत आल्तो.

कादंबरीत गोदा नावाची महाराची पोर आहे. नदी उशाला असून तहानेनं मरते. घाट तिचा न्हाई.

"लेखकराव, तुमच्या गोदानं आम्हाला घास गोड लागू दिला न्हाई," मास्तर म्हणाले. "आमची ही तर रडून रडून अर्धी झाली."

दारातल्या बाई पदरानं डोळे पुसत हसल्या.

"पण आपण कुणापैकी? पुस्तकावर नुसतंच 'एक गोदाकाठचा'."

मी सांगितलं. वडीगोद्रीचा. महारवाड्यातला.

कुणी ओरडलं न्हाई. शिवी न्हाई. मास्तर उठले. "जरा खाली बसता का? आम्हाला गावात राहावं लागतं." सतरंजी काठीनं ओढून उन्हात टाकली. वर पाणी शिंपडलं.

घसा कोरडा पडला होता. मी पाणी मागितलं.

"वरून ओता हो," बाई म्हणाल्या, "तांब्याला हात लागंल त्याचा." गोदासाठी रडलेले डोळे अजून ओलेच होते.

मास्तर ओतता ओतता समजावून राह्यले, "नाव टाकलं न्हाई ते बराबर केलं. पुढंही टाकू नका. मी गावोगाव वाचून दाखवीन. नाव कळल्यावर पुस्तकाला हात कोण लावंल?"

डोक्यात जाळ झाला. यांना गोदा पाहिजे. कागदावरची, मेलेली. जिती गोदा यांच्या ओट्याखाली ओंजळ धरून बसली होती, तिच्यासाठी तांब्या उंच.

मी ओंजळ उघडली. पाणी मातीत गेलं. तहान तशीच.

"पुस्तक कुठं ठेवता, मास्तर?"

"देव्हाऱ्यापाशी. का?"

"त्याचा खिळा न् खिळा या हातांनी जुळवला. पान न् पान या हातांनी शिवलं. ते देवापाशी चालतं?"

मास्तरांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाई आत पळाल्या. पुस्तक बाहेर काढायला का दार लावायला, ते बघायला मी थांबलो न्हाई.

पुढच्या पुस्तकावर माझं नाव असंल. बापाचं असंल. महारवाडा, वडीगोद्री असंल. छापखान्यातल्या सगळ्यात मोठ्या खिळ्यांत, मीच जुळवीन. हात लावायचा तर ते वाचून लावा.

ओंजळ आता बिलकुल धरणार न्हाई. तांब्या हातात द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.