वरच्या मजल्यावरची दुरुस्ती

मिरजेत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा एक्स-रे टेक्निशियन माझ्याकडे इंग्रजी तपासून घ्यायला यायचा. अंधांना मजकूर वाचून दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर जगभरातले लोक मिळून बनवतात. ते मराठी जोडाक्षरं फोडून वाचायचं. त्याच्या आईची नजर गेलेली, म्हणून त्यानं ती चूक दुरुस्त करून ते सांभाळणाऱ्याकडे पाठवली होती आणि त्याला इंग्रजीत स्मरणपत्रं लिहायचा.

"सर, ह्यात उद्धट काय वाटत न्हाई न्हवं?" दर वेळी हाच प्रश्न.

महिने गेले, उत्तर येईना. "जरा खडसावून लिही," मी म्हणालो.

"नको सर. ते सांभाळणारा माणूस बी नोकरी करूनच राबतोय." एवढं बोलून तो चपलांचा आवाज न करता जिना चढायचा.

पावसाळ्यात त्याची आई गेली. दिवसकार्य उरकलं आणि उत्तर आलं: काम चांगलं आहे, दोन ठिकाणी बदल करा. मला वाटलं, आता तो सोडून देईल. मुंडन केलेल्या डोक्यानं माझ्याच टेबलाशी बसून त्यानं बदल केले, वर आभारही लिहिले.

"आई गेल्याचं लिही की," मी म्हणालो.

"कशाला सर? उशीर केला म्हनून त्येच्या जिवाला लागंल."

त्यानं ते पाठवलं. मग बराच वेळ तो उठला नाही.