सुजाताबाईच्या घरचे उपास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय, असंही वाटायचं. मी चोरी केली नाही, कुणाला मारलं नाही. पण अजूनही मंगळवारी संध्याकाळचे पाच वाजले की पाय चपलेकडं वळतात, आणि मग आठवतं — जायचं कुठं?

मी भूमला शाळेत मराठी शिकवायचे. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका किराणा दुकानाच्या माडीवर, एक कोरियन कुटुंब राहायला आलं. मिशनच्या कामासाठी आलेलं. नवरा पास्टर, बायको सू-जिन, आणि पाच वर्षांची हाना. गल्लीनं आठवड्याभरात सू-जिनची सुजाताबाई करून टाकली. तिला मराठी शिकवायला मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊ लागले.

काय काय शिकली ती! आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, तेव्हा आधी कुठला बॅरल भरायचा. लाईट गेली की आपल्याच घरची गेलीय की सगळ्या गल्लीची, हे खिडकीतून कसं बघायचं. बाजारात ती एकदम दहा पत्ताकोबी घ्यायची — त्यांच्याकडच्या तिखट लोणच्यासाठी. भाजीवालीनं विचारलं, ‘घरी लगीन हाय का वं?’ सुजाताला कळलं नाही, तिनं आनंदानं ‘हो’ म्हटलं. मी तिला पुस्तकातलं ‘मला नको आहे’ शिकवत होते, तोवर हाना गल्लीतल्या पोरींत खेळून ‘मला न्हाय पायजे’ म्हणत घरात आली. आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

इतकं मोकळं मी माझ्या घरात तरी हसत होते का? खरं सांगते — नव्हते. ते दोन दिवस आले की माझा आठवडा भरल्यासारखा वाटायचा. तिच्या भिंतीवर तिच्या गावच्या समुद्राचा फोटो होता. ती तो दाखवून त्याच्याबद्दल बोलायची, मराठी शब्द संपले की हातांनी बोलायची. मी समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता. तरी घरी परतताना मला त्या समुद्राचीच आठवण यायची. असं होतं का कुणाला?

आणि तरीही —

पहिल्याच महिन्यात तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं. मंगळवार होता. मी म्हटलं, ‘माझा उपास आहे. देवीचा.’ खोटं होतं ते. मी उपास करणारी बाईच नव्हे. पण शाळेत एक सहकारी चहा पिता पिता बोलले होते, ‘काय बाई, तुम्ही पण तिकडच्या होणार का आता?’ सगळे हसले होते. मीसुद्धा हसले होते. ते हसू माझ्या पोटात बसलं होतं.

सुजातानं उपास म्हणजे काय ते विचारून घेतलं, वहीत लिहून घेतलं. पुढच्या मंगळवारी तिनं भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली. कुणाला विचारून केली असेल? मी म्हटलं, ‘आज निरंकार. काहीच खायचं नाही.’ शुक्रवारचाही उपास मी असाच काढला.

मला घरून कुणी अडवलं होतं का? नाही. सासूबाईंना मी हे गमतीनं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘खा की गं दोन घास. परक्या मुलखात आलीया, एकली पडली आसंल.’ म्हणजे तीही सबब मला नाही.

पुढं व्हिसाची मुदत वाढली नाही आणि ते लोक गेले. निघताना तिनं मला मिठी मारली. मी आधी जिन्यावर कुणी आहे का ते पाहिलं. आता त्या माडीवर दुसरे भाडेकरू आहेत. मी मुद्दाम त्या गल्लीतून जाते. तिचा आवाज आठवतो — ‘बाई’ म्हणताना ती ‘ई’ लांबवायची.

पण मी नुसतीच अवतीभवती फिरतेय. सांगायचं ते वेगळंच आहे.

ते जाण्याच्या काही महिने आधी तिची आई वारली. पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीच्या कामात अडकलेले, तिला जाता आलं नाही. मोबाईलवरच तिनं आईला शेवटचं पाहिलं. त्यानंतर तिचा वाढदिवस आला. त्यांच्यात त्या दिवशी समुद्रातल्या शेवाळाचं सूप करतात. तिचं दर वर्षी आई करायची. तिनं मला मुद्दाम बुधवारी बोलावलं. पास्टर आणि हाना कागदपत्रांसाठी धाराशिवला गेले होते. ती एकटीच होती. म्हणाली, ‘बाई, हे पातेलं नवीन आहे. त्यात मांस कधीच केलं नाही. आज माझ्याबरोबर जेवाल?’

मी म्हटलं, ‘आज चतुर्थी आहे.’

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. ते वाचायला तिला मीच शिकवलं होतं — एकादशी कशी ओळखायची, चतुर्थीच्या चौकोनात काय लिहिलेलं असतं. त्या बुधवारच्या चौकोनात चतुर्थीचं काहीच नव्हतं. तिनं तो वाचला. मी तिला वाचताना पाहिलं. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, ‘हो. बरोबर.’

आणि तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. स्वतःही जेवली नाही. पुस्तक काढलं आणि विचारलं, ‘आज कुठला धडा?’

मी तासभर शिकवलं. खोलीभर त्या सुपाचा वास होता. मला भूक लागली होती.