दोन्ही मीच काढली
डॉक्टरसाहेबांनी माझ्या कपाळावर बोट दाबलं. कुंकू त्यांच्या बोटाला लागलं. ते त्यांनी माझ्याच पदराला पुसलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "ती गाठ इथून आत, मेंदूच्या खाली असते. हिचीही फुगली असणार."

पाहुणे देवासहून आलेले. सरदार मंडळी, बरोबर त्यांचा वकील. पान चघळत हसले. टेबलावर सशीण मरून पडली होती, कवटी उघडलेली. सकाळी तिला पाला मीच घातला होता.

आमचे लोक दख्खनेतून सरदारांच्या घोड्यांमागून धारला आले. बाबा पागेत खरारा करत. काम असलं की आम्ही आपली माणसं. पाणी मागितलं की पायरीखाली.

मला जवळच्या नालछा गावी दिलं होतं. पोटात दुखायला लागलं तसं बाबांनी साहेबांच्या खाजगी दवाखान्यात आणलं. साहेब विलायतेहून शिकून आलेले. नाकाला औषधाचा बोळा लावला, जाग आली तेव्हा पोट शिवलेलं. म्हणाले, गोळा होता, काढला. बस्. एवढंच.

त्यानंतर मला विटाळ आला नाही, मी कधी बाजूला बसले नाही. नवऱ्याने काही दिवस वाट पाहिली, मग दुसरी आणली आणि मला माहेरी सोडलं. सासू म्हणाली, वांझोटी. मी नशिबाला बोल लावला. देवीला नवस केले. उपास केले.

तेव्हा साहेबांनीच कामाला ठेवलं, बंगल्यामागं, सशांपाशी. मला दूध द्यायचे. दर महिन्याला काट्यावर उभं करायचे. अंगाची आग होते का, झोप लागते का, विचारायचे. एवढा मोठा माणूस माझी विचारपूस करतो, म्हणून मी वस्तीभर सांगत फिरले की साहेब देवमाणूस. थू.

साहेब सशिणींची अंडाशयं काढत. काही महिन्यांनी मारून डोकं उघडत. मेंदूखालची ती गाठ वाढलेली निघायची. काहींना दुसऱ्या सशिणीच्या अंडाशयाचा रस टोचत, त्यांची म्हणे वाढत नसे. साहेब सांगत, अंडाशयाच्या हातात त्या गाठीचा लगाम असतो, लगाम सुटला की गाठ उधळते. ते खरं असेल. असू दे.

त्या दिवशी एका सरदाराने विचारलं, बायकांतही असंच होतं का? म्हणून मला हाक मारली होती. कपाळावरचं बोट काढून साहेब म्हणाले, "हिची दोन्ही मीच काढली. गोळा एकीकडेच होता. म्हटलं, दुसरंही काढून पाहू."

वकिलाने विचारलं, "हिला माहीत आहे?"

"हिला सांगून काय करायचंय?"

पुन्हा हसले. कुणीतरी पिंकदाणी पुढे ओढली.

मी उभीच. नवरा, सवत, नवस, सगळं त्या दोन-तीन वाक्यांत आलं. नशीब कसलं? या माणसाच्या हातातला चाकू होता तो. आणि दूध? सशांनाही चारा मिळतच होता. मी त्यांची चाकर नव्हतेच कधी. मीही पिंजऱ्यातली.

साहेबांनी त्या रसाची सुई भरली. सशिणीवर लागू पडलंय, आता बाईवर पाहू, असं पाहुण्यांना सांगितलं. मला म्हणाले, हात पुढे कर.

मी हात पाठीमागे नेले.

"सुई लावायची नाही."

त्यांना वाटलं, दुखेल म्हणून भ्याले. मग आवाज चढला. "तुझ्या बापाची पागेतली चाकरी माझ्या शब्दावर आहे."

"मग टाका शब्द. माझ्या अंगाला हात लावायचा नाही."

पान चघळणारी तोंडं थांबली. मी त्यांच्यासमोरून, पुढच्या दरवाजाने बाहेर पडले. त्या दरवाजाने आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं.

बाबांची चाकरी गेली. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही नीट बोलत नाहीत.

साहेबांचा मान तसाच आहे. दरबारात खुर्ची आहे. असली विद्या आणि असला मान दोन्ही त्यांनाच लखलाभ.

आता वस्तीतली कुणीही बाई त्या दवाखान्यात निघाली, आमची असो की माळवी, मी बरोबर जाते. कंपाउंडर दारावरच्या शिपायाला म्हणतो, "भिया, इसको बाहर करो." मी हलत नाही. काय काढणार, का काढणार, काढल्यावर बाईचं काय होणार, तिच्या तोंडावर सांगा म्हणते. साहेब माझ्याकडे बघत नाहीत. न बघोत. सांगावं मात्र लागतं. नाही सांगितलं तर मी बाईला टेबलावरून उठवून घरी नेते. नेलीय. पुन्हा नेईन.