थुंकीचा पीएच

"तुझी नको. तुम्हा लोकांची थुंकी माझ्या नळीत नको."

सर हे चाळीस पोरांसमोर बोलले. नागपुरातली शाळा, दहावीचा वर्ग, रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल. पीएच पेपर बुडवायचा आणि रंग पाहायचा. लिंबात लाल, साबणात निळा, शुद्ध पाण्यात हिरवा. हिरवा म्हणजे सात. ना आम्ल ना आम्लारी, उदासीन. थुंकीही साधारण तिथेच येते, म्हणून सरांनी एकेकाला पुढे बोलावलं होतं. मी कामठीहून यायची, बौद्ध वस्तीतून. माझं आडनाव ऐकलं त्या दिवसापासून सगळ्या वर्गाच्या नळ्या सर मलाच धुवायला लावत. मी घासलेल्या नळीत माझीच थुंकी चालत नव्हती.

माझं डोकं सणकलं. नळी उचलली, थुंकले, कागद बुडवला. हिरवा. आधीच्या पोराचा आला होता तसाच हिरवा. तो ओला कागद मी सरांच्या हजेरीपटावर चिकटवला.

"सर, सातच आला."

कानाखाली असा जाळ निघाला की मी टेबलावर कोसळले. नळी फुटली, काच तळव्यात शिरली. सरांनी वेणी धरून मला दारापर्यंत फरफटत नेलं. फरशीवर रक्ताचे थेंब. वर्गात एकानेही तोंड उघडलं नाही, त्याचा राग मला आजही आहे.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. ती यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायची, खाडा करून आली. सर म्हणाले, "हिला माफी मागायला सांगा. नाहीतर जर्नलवर सही नाही." सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलचे गुण नाहीत. मला वाटलं, आई आता हात जोडेल.

आईने माझ्या तळव्यावरची पट्टी पाहिली.

"काहून मारलं वं तुले?"

मी सांगितलं. तिला पीएच कळला नाही, बाकी सगळं कळलं. ती सरांकडे वळली.

"सर, आता तुमची थुंकी काढा. पोरीच्या बाजूले ठेवा. मले पाहू द्या."

सर उठून गेले. मी माफी मागितली नाही. सही मिळाली नाही, दहावी लेखीच्या गुणांवरच काढली. त्या शाळेत पुन्हा एकही नळी धुतली नाही.

आता मीच रसायनशास्त्र शिकवते. तळव्यावर वण आहे. माझ्या प्रयोगशाळेत ज्याची नळी त्यानेच धुवायची. कुणा लेकराची थुंकी बाजूला सारणारा हात दिसला, तर तो मनगटापासून पिरगाळीन. मग तो हेडमास्तरचा का असेना. आणि माफी तेव्हाही मागणार नाही.