भालदाराचा गुडघा

वस्तुसंग्रहालयात ती एकोणतीस वर्षं फोटो काढत होती. फुटकी मडकी, झिजलेली नाणी, मूठ नसलेल्या तलवारी. पण तिचा जीव रमायचा तो सुट्टीत, बाहेर. जुने जिने, पूल, तळी. तेव्हा मोठा कॅमेरा, तीन लेन्स असा सगळा संसार बरोबर निघायचा आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून नवरा मागे. तिच्या धाकट्या बहिणीने त्याचं नावच भालदार पाडलं होतं. तोही हसायचा.

चार वर्षांपूर्वी या भालदाराचा गुडघा दुखायला लागला.

"डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही," त्याने सांगितलं.

तिने जराही का-कू केली नाही. "मग ओझंच नको. खिशात मावेल असा घेते."

बोलणं सोपं होतं. तीन शनिवार ती दुकानात ठाण मांडून बसली. एक कॅमेरा इतका गुळगुळीत, की साबणाच्या वडीसारखा हातातून निसटायचा. दुसऱ्यातून लांबचं छान दिसायचं, पण डोळा लावायला खिडकीच नाही. उन्हात पडद्यावर आपलंच तोंड. तिसऱ्यात अंधाऱ्या कोपऱ्याचा फोटो काढला की वाळू सांडल्यासारखे दाणे.

"ताई, सगळं एकातच मिळत नाही," दुकानदार म्हणाला.

"माहितीये हो. लग्न झालंय माझं."

शेवटी चौथा पसंत पडला. झूम बेताचाच, पण खिडकी होती आणि पकड खरबरीत होती. जुनं सगळं सामान तिने त्याच दुकानात देऊन टाकलं. मोठी लेन्स काउंटरवर ठेवण्याआधी तिने ती पदराने एकदा पुसली. पण नवऱ्याच्या गुडघ्यापुढे काचेची काय मातब्बरी!

एका तळ्याकाठच्या गावाची दोन तिकिटं काढली. जाण्याआधी गुडघ्याचा पट्टा कुठला घ्यावा, हे विचारायला ती त्याच्या डॉक्टरांकडे गेली.

"पट्टा कशाला?" डॉक्टर चकित झाले. "गुडघा ठणठणीत आहे त्यांचा. माझ्याकडे आले होते ते सर्दीसाठी."

ती घरी आली तेव्हा तो स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढत होता.

"डॉक्टरांकडे जाऊन आले," ती म्हणाली.

तो खाली उतरला. बॅग हातातच राहिली. "तुला दुखवायचं नव्हतं गं."

"म्हणजे?"

"कॅमेरा लहान असला की तू एकटी जाऊ शकशील. मला नाही यायचं आता."

"तेवीस वर्षं आलास की!"

"पहिली दोन-तीन बरी गेली." तो फरशीकडे बघत होता. "तू फोटो काढायचीस. मी उभा असायचो."

मन मोकळं करायला तिने बहिणीला फोन लावला. सगळं ऐकून बहीण म्हणाली, "ताई, मला वाटलं, त्यांनी तुला केव्हाच सांगितलं असेल. मला दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते."

तिने फोन ठेवला. 'भालदार' म्हणून ही दोघं हसायची, ती नेमकी कुणाला?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती दारात उभी. पण मोठी लेन्स परवाच कुणीतरी घेऊन गेलं होतं.

त्या आठवड्यात तिने जुने फोटो धुंडाळले. हसताना तो एकात तरी सापडेल, म्हणून. हजारोंमध्ये तो अकरा फोटोंत होता. खांबाशेजारी, कमानीखाली, धरणाच्या भिंतीला टेकून. ताठ, हात खाली सोडून. मडक्याशेजारी मोजपट्टी ठेवतात तसं तिनेच त्याला उभं केलं होतं, उंची कळावी म्हणून. क्षणभर तिला ओशाळल्यासारखं झालं. मग राग परत उसळला, पहिल्याहून जास्त. कंटाळा आला होता, तर तोंड नव्हतं का? गोड बोलून केसाने गळा कापायची काय गरज होती? आणि तिने आपण होऊन मान पुढे केली, तीही त्याच्या काळजीने.

एक तिकीट रद्द करून ती एकटीच गेली. कॅमेरा खरंच हलका होता. जिना चढताना दोनदा "जरा धर" म्हणत तिने हात मागे केला आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चिडली.

"दाखव ना फोटो," परत आल्यावर तो म्हणाला.

"बरे आलेत," एवढंच बोलून ती हातपाय धुवायला गेली.

आता ती वर्षातून तीनदा जाते. तो डबा भरून देतो, सोडायला येऊ का विचारतो. ती नको म्हणते. बहिणीशी बोलते, पण कामापुरतं. फोटो ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवते. त्यानेही आता मागणं सोडलंय.