फळ्यावरचा हुकूम

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, ‘आई भाकरी करते.’ मग खडू ठेवून हात झटकले. “हं, वाचा!”

वर्ग चिडीचूप. दुसरीची पोरं नुसती फळ्याकडे बघत बसलेली.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. येवल्याजवळच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षिका होते. साहेब म्हणजे विस्तार अधिकारी. वर्षातून एकदा शाळा तपासून शेरा लिहायचे. शेरा वाईट आला की बदली थेट सुरगाण्याच्या डोंगरात, असं हेडमास्तर मला आठवडाभर ऐकवत होते. मिस्टर मनमाडला रेल्वेत, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. तिला घेऊन एवढ्या लांब जाऊ कशी? रात्ररात्र झोप नव्हती.

त्यातून मी शिकवत होते जरा वेगळं. आमच्याकडे पोरं धडा सुरात म्हणायची. तोंड चालू, डोळे खिडकीबाहेर. त्यातलाच शब्द दुसरीकडे लिहिला की गाडी अडली! म्हणून मी हुकुमाचा खेळ काढला. मी फळ्यावर वाक्य लिहायचं, पोरांनी मनातल्या मनात वाचून ते करून दाखवायचं. जो बोलला तो बाद. मनातल्या वाचनाला मूकवाचन म्हणतात.

“बाई, यांना वाचता येत नाही?” साहेबांनी विचारलं.

“येतं ना साहेब...”

तेवढ्यात पुढे बसलेली कमल, पैठणी विणणाऱ्याची पोर, दोन्ही हातांनी भाकरी थापायला लागली. मग तिच्या शेजारची. बघता बघता सगळा वर्ग थापतोय! एक जण तर चूल फुंकत होता.

“हे काय चाळे? साहेबांची थट्टा करता?” हेडमास्तर ओरडले. साहेबांचा चेहरा लाल. मेले, आता मेले, म्हटलं.

“साहेब, वाचलंय त्यांनी,” मी कसंबसं सांगितलं. “आमच्या वर्गात फळ्यावरचं बोलायचं नसतं, करायचं असतं.”

“म्हणजे पढवून ठेवलंय!”

“नाही हो. तुम्हीच काहीही लिहा. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते.”

म्हटलं आणि भिंतीकडे वळले. मागे खडू चालला. थांबला. मग काहीच नाही. जोडाक्षर घातलं की काय मेल्यानं? आणि एकदम पाट्या-दप्तरांचा खडखडाट!

वळून बघते तर वर्ग रिकामा. फळ्यावर लिहिलेलं, ‘शाळा सुटली.’

“अरे थांबा कारट्यांनो!” हेडमास्तर धोतर सावरत मागे धावले. शाळा तर नुकती भरली होती. पण एक पोर परत येईल तर शपथ. कमल तेवढी दारातून डोकावली.

“बाई, तुमी नाय का येत घरी?”

साहेब हसले नाहीत. शांतपणे शेरा लिहिला : ‘इयत्ता दुसरीचे वाचन उत्तम. इतर विषय तपासता आले नाहीत. विद्यार्थी अनुपस्थित.’

बदली टळली. वर्गाबाहेर येऊन मी घळाघळा रडले. दुसऱ्या दिवशी मात्र पोरांना बजावलं, पाहुणा ‘वाचा’ म्हणाला तर आधी तोंडानं वाचायचं. पोरं आपण शिकवू तेवढंच शिकतात. जे सांगायचं राहतं, ते नेमकं तपासणीला बाहेर येतं.