तीस मिलिलिटर

"अहो विदुषी, पुस्तक छापून झालंय. तुमच्यासाठी परत छापू का?"

वर्ग हसला. ती उभीच होती. लोणी काळभोरहून रोज बसने येणारी, आमच्याच बौद्ध समाजातली मुलगी. बोलले ते क्लासचे मालक, फळ्यापाशी उभे. मी, रसायनाचा शिक्षक, मागे हजेरी घेत होतो.

वीस मिलिलिटर मिथेन, पन्नास मिलिलिटर ऑक्सिजन. पेटवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. वायू किती उरला? पुस्तकात सत्तर. ती म्हणत होती, तीस.

"सर, थंड झाल्यावर वाफेचं पाणी होतं ना? ते वायूत कसं धरायचं?"

"तुम्हा लोकांना सत्तर काय अन् तीस काय. सीट मिळतेच. सोमवारपासून सी बॅचला बस."

सी बॅचला अवघड गणितं शिकवतच नाहीत.

पुस्तक मी लिहिलं होतं. वाफेचे चाळीस मीच मोजले होते. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटात डोकं घातलं.

पन्नाशीला आलेला माणूस. दुसरीकडे कोण घेणार? दोन दिवस हेच घोकत होतो. सोमवारी त्याच बिनखिडकीच्या खोलीत उभा राहिलो. तिची जागा रिकामी. मग फळ्यावर गणित मांडलं. उरलेला ऑक्सिजन दहा, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वीस. तीस.

"पुस्तकातलं उत्तर चूक आहे. चूक माझी आहे. तिचं बरोबर होतं."

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं.

"सर, मुलांसमोर असं कबूल करतात का? तुमचं आडनाव जाहिरातीत छापत नाही आम्ही. पालक बोलतात हो. किती सांभाळून घ्यायचं?"

बारा वर्षं मी त्याला सांभाळून घेणं समजत होतो. लाज वाटली. त्यांची नाही, माझी.

"आडनाव छापा," मी म्हणालो. "आणि तिला आजच परत बसवा. नाहीतर मी वर्गावर जात नाही."

बसवलं. परीक्षा तोंडावर होती, दुसरा शिक्षक नव्हता, म्हणून. आडनाव अजून छापलेलं नाही.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं." एवढंच बोलून वर्गात गेली. माफ केलं नाही. बरोबर केलं.

आता नोकरी राहो न राहो. यापुढे माझ्यासमोर कुणी पोराची जात काढली, तर तिथंच, भर वर्गात अडवणार. सोमवारची वाट बघणार नाही.